आधी रिकामा कर

लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ चार दिवसांपासून आडवीच होती. चेतना साळवेने तिला समजावलं, शिव्या घातल्या, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, पण बाईसाहेब जागच्या हलायला तयार नाहीत. सर्किट तर अगदी साधं: पाच व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. बॅटरी जोडली की कपॅसिटर हळूहळू भरतो. तो भरताना वर चढत जाणारी वळणदार रेघ सिम्युलेशनमध्ये दाखवायची, एवढंच काम. चेतनाची रेघ मात्र पहिल्या क्षणापासून पाच व्होल्टवर ठाण मांडून बसलेली.

आज पाचच्या आत फाइल कॉलेजात गेली नाही तर डिप्लोमाचं वर्ष बुडणार होतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ती पुन्हा वर्गात बसली होती. "आता काय शिकतेस?" म्हणणारे तिच्या दिंडोशीच्या वसाहतीत पैशाला पासरी. फॉर्म आणून हातात ठेवणारे एकटे सासरे. धोंडिराम, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे अण्णा. गोरेगावच्या एका दुकानात चाळीस वर्षं त्यांनी पंखे दुरुस्त केले होते.

दुपारी दोनला अण्णा शेजारच्या शांताबाईंचा पंखा उघडून बसले. कपॅसिटर, म्हणजे अण्णांच्या भाषेत कंडेन्सर, त्यांनी सोडवून बाहेर काढला आणि त्याच्या दोन्ही टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. चट्‌कन ठिणगी उडाली. चेतना दचकली.

"अण्णा, काढलाय ना तो? मग करंट कुठला?"

"काढला म्हणून काय झालं? पोटात धरून बसतो लेकाचा. आधी रिकामा करायचा, मग हात लावायचा. एकदाच विसरलो होतो, तर भिंतीवर जाऊन आपटलो."

चेतना गर्रकन लॅपटॉपकडे वळली. तिचा कपॅसिटर रिकामा केला होता कोणी? बॅटरी कधीचीच जोडलेली आहे असं धरून सिम्युलेटरने घड्याळ सुरू व्हायच्या आतच तो काठोकाठ भरून ठेवला होता. तिने सुरुवातीच्या व्होल्टेजच्या रकान्यात शून्य टाकलं आणि बटण दाबलं. रेघ तळापासून उठली, भराभर चढली, मग मंदावत मंदावत पाचाला जाऊन टेकली.

"अण्णा, चढली!" ती ओरडलीच. फॉर्म यांनीच आणला, अडलेलं गाडंही यांनीच बाहेर काढलं. या माणसाचे उपकार आपल्याकडून फिटायचे नाहीत, असं तिला वाटलं.

फाइल छापायला नेण्याआधी तिने पहिलं पान उघडलं. 'मार्गदर्शक' म्हणून सरांचं नाव होतंच. त्याखाली तिने एक ओळ वाढवली आणि लॅपटॉप अण्णांपुढे ठेवला.

'श्री. धोंडिराम साळवे.'

अण्णांनी चष्मा पुसला. दुकानात मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना धोंड्या म्हणत आले होते.

"श्री कशाला लावलास गं?"

"राहू दे ना, अण्णा."

"राहू दे," ते म्हणाले, आणि ओळीवर बोट ठेवून पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले.