तोफाजी नापास होतात

माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या विभागासमोर एक लांब बाकडं आहे, आणि त्या बाकड्यावर बसलेल्यांना नाव पुकारून आत बोलावतात. ही पद्धत ज्या कोण्या शहाण्यानं काढली त्याचा एकदा जाहीर सत्कारच करायला हवा. बहिऱ्यांची रांग, आणि खिडकीतला कारकून तोंडातल्या तोंडात नाव घेणार! माणूस उठला नाही की 'गैरहजर', चला पुढचा. हा गैरहजर त्याच्या नाकासमोर बसलेला असायचा आणि शेजाऱ्याला विचारत असायचा, "आपला नंबर कधी यायचा हो?" शेजारीही त्याच गोत्रातला. तो म्हणायचा, "हो ना, पंखा बंदच आहे."

तोफाजी असे बरेचदा गैरहजर राहिले होते. तोफाजी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तोफेच्या बाजूला उभं राहून काढली, आणि निवृत्त झाल्यावरही तोफ सुटावी तशा आवाजात दूधवाल्याशी बोलू लागले, तेव्हा कॉलनीनं हे नाव ठेवलं. ते त्यांना ऐकूच यायचं नाही, त्यामुळे भांडण झालं नाही.

पण आता गंमत उरली नव्हती. झालं असं, की मागच्या महिन्यात त्यांची बायको न्हाणीघरात घसरून पडली. कंबर अशी धरली की उठता येईना. तोफाजी भिंतीपलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. अग्रलेख झाला, खेळाचं पान झालं, शब्दकोडं अर्धं झालं. शेवटी वरच्या मजल्यावरची शेजारीण धावत आली आणि तिनं त्यांच्या हातातला पेपर हिसकावला, तेव्हा कुठे स्वारीला कळलं, की घरात काहीतरी घडलंय.

हाड मोडलं नव्हतं, नशीब. पण लेक तडक गाडी पकडून आली आणि दारातूनच सुरू झाली. "बाबा, महिनाअखेरीला मी परत येणार. तोवर कानाला मशीन लागलं तर ठीक, नाहीतर आईला मी माझ्याकडे घेऊन जाते. कायमची."

"आणि मी?" तोफाजींनी विचारलं. हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं, कारण ती ओरडतच होती.

"तुम्ही बसा पेपर वाचत!"

ती गेल्यावर तोफाजी बायकोकडे बघत घुश्श्यात म्हणाले, "चूक हिचीच आहे. हिनं नीट हाक मारलीच नसणार. हिचा आवाज मुळातच नाजूक." बायको काही बोलली नाही. किंवा बोलली असेल. पण तिच्याशिवाय या घरात राहायचं म्हणजे पंचाईतच होती, हे खरं. त्यांना चहासुद्धा धड करता येत नव्हता, आणि चहाचं सोडा, मग भांडायचं कुणाशी?

म्हणून त्यांनी दवाखान्यात गिअरला सोबत नेलं. गिअर म्हणजे पलटणीतला जुना ट्रक ड्रायव्हर. गुडघ्यांची वाट लागलेली, पण कान शाबूत. नाव पुकारलं की तोफाजींच्या बरगडीत कोपर मारायचं, एवढंच त्याचं काम. त्यानं ते इतक्या जीव तोडून केलं, की तोफाजी कळवळतच आत गेले.

आत काचेची खिडकी असलेली एक छोटी बंद खोली होती. कान तपासणाऱ्या मुलीनं त्यांना त्यात बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि खूण करून सांगितलं, की आवाज आला की दाबायचं. मग ती काचेपलीकडे यंत्रापाशी जाऊन बसली.

आणि इथेच घोळ झाला. तोफखान्यात दरवर्षी अशीच तपासणी व्हायची. कान गेले असं कागदावर आलं की माणूस तोफेवरून उचलून भांडारात, चादरी मोजायला. बढती खलास, वर पोरांचं हसू. म्हणून तोफखान्यात भरती झालेल्याला तोफ शिकवायच्या आधी कानाची परीक्षा कशी पास करायची ते शिकवत. कानांचा विचार सोड, तपासणाऱ्याकडे बघ. बटण दाबताना त्याचा खांदा हलतो, भुवई हलते, काही ना काही हलतंच. तोफाजी या विद्येत इतके तयार होते, की त्यांनी ती पुढच्या पिढीलाही शिकवली. अख्खी तुकडी ठार बहिरी, आणि कागदोपत्री सगळ्यांचे कान हरणाचे!

तर काचेपलीकडे मुलीचा खांदा किंचित हलला, आणि तोफाजींचा अंगठा आपोआप बटणावर पडला. पुन्हा खांदा, पुन्हा अंगठा. त्यात लबाडी अशी नव्हतीच, डोकं मध्ये आलंच नव्हतं. उलट शेवटीशेवटी त्यांना जरा ऐटच वाटायला लागली. जित्याची खोड, दुसरं काय!

"काका, अभिनंदन!" मुलीनं त्यांच्यासमोर येऊन मोठ्यानं सांगितलं. "कान एकदम उत्तम. तुमच्या नोकरीतल्या नोंदीही तेच सांगतायत. तुम्हाला मशीनची गरजच नाही."

तोफाजी छाती काढून बाहेर आले. "पास!" त्यांनी गिअरला सांगितलं. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो.

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, बहिरे आहात हे सिद्ध करायला गेला होतात ना? जन्मात एकदा नापास व्हायचं होतं, तेही जमलं नाही तुम्हाला?" हे तिनं इतकं जोरात म्हटलं, की वरच्या शेजारणीनं खिडकी उघडली. "आता मीच येते. लेकीकडे जायची मला हौस नाहीये. तिच्या घरी मला झोप लागत नाही."

पुढच्या वेळी गिअरच्या जोडीला कंबरेला पट्टा बांधून ती स्वतः आली आणि तपासणाऱ्या मुलीला तिनं खांदा, भुवई, तोफखाना, सगळी कर्मकथा सांगून टाकली. मुलगी आधी हसली, मग गंभीर झाली. तिनं तोफाजींची खुर्ची उचलून उलटी फिरवली. आता समोर नुसती भिंत. तोफाजींचा अपमानच झाला. तुकडीचं गुपित बायकांत फुटलं! तरी ते मुकाट बसले आणि मनाशी म्हणाले, बघू या, अगदीच काही ठोंब्या नाही आपण. मोठा आवाज आला तर दाबूच की.

ते बसून राहिले. भिंतीला पांढऱ्या रंगाचे पोपडे आले होते. सरकारी रंग, म्हटल्यावर येणारच. मुलगी यंत्र लावत असेल. मग त्यांना वाटलं, बहुतेक चहाला गेली. या लोकांचं हे असंच, माणूस कोंडून ठेवायचा आणि चहाला जायचं. अंगठा बटणावर तयार ठेवून ते वाट बघत राहिले. अंगठ्याला मुंग्या आल्या, पण तपासणी काही सुरू होईना. शेवटी वैतागून त्यांनी मान वळवली आणि गरजले, "अहो ताई, सुरू करताय की जाऊ घरी?"

मुलगी यंत्रापाशीच होती. तिचे हात मांडीवर होते. ती उठून आत आली, त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि समोर वाकून सावकाश म्हणाली, "काका, झाली तपासणी. केव्हाच संपली."

"पण आवाज कुठे आला?"

"सगळे दिले. शेवटचे तर यंत्रात होते तेवढ्या मोठ्यानं दिले." मग ती म्हणाली, "मशीन मंजूर होईल काका. दोन्ही कानांना. महिनाअखेरीच्या आत देते मी, स्वतः पाठपुरावा करून."

काम फत्ते झालं होतं. तोफाजींना आनंद व्हायला हवा होता. ते बाहेर आले तर काचेपाशी बायको उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो, मला ऐकू येत होते ते आवाज," ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "इथे, बाहेर. दार बंद असून."

तोफाजी बाकड्यावर येऊन बसले. बरगडीत कोपर मारायला गिअर पुढे सरसावला होता, तो त्यांचं तोंड बघून मागे हटला. तोफाजींनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी न्हाणीघरात... तू खूप ओरडलीस, ना गं?"

तिनं आधी मान हलवली, नाही म्हणून. मग तिला काय झालं कुणास ठाऊक. तिनं त्यांची बाही मुठीत धरली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "हो! खूप ओरडले! मला वाटलं, मी मरणार आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही!"

खिडकीतला कारकून दचकून उभा राहिला. बाकड्यावर ओळीनं बसलेल्या म्हाताऱ्या तोफचींपैकी एकानंही मान वळवली नाही.