तीन तयार उत्तरं

वेंडल ह्रुस्काला त्या दिवशी सकाळपासून शिसारी आली होती, आणि तीही फुकटच्या गोष्टींची. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नव्यावर जुना ईमेलचा प्रोग्राम चालेना, म्हणून घरच्या वापरासाठी एखादा फुकटातला निवडायला तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. सगळा खटाटोप थोरल्या बहिणीसाठी. लव्हॉन तिकडे ओरेगनमध्ये कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी जेमतेम उन्हाळ्यापर्यंतची आशा दाखवलेली. तिची पत्रं चुकून चालणार नव्हती.

पहिल्या प्रोग्रामात लव्हॉनच्या पत्राच्या बरोब्बर वर, पत्राचाच वेश करून, एक जाहिरात बसली होती. केस गळालेल्या बायकांसाठी टोप. वेंडलच्या अंगाचा तिळपापड झाला. नेब्रास्कातल्या या गावात त्याने चौतीस वर्षं घरोघर टपाल वाटलं होतं. पोस्टकार्डावरचा मजकूर चुकूनही नजरेला पडू नये म्हणून तो कार्डं पत्त्याची बाजू वर करूनच लावायचा.

"दुसऱ्याची पत्रं वाचतात मेले!" तो बायकोवर ओरडला. "आमच्याकडे असल्याला आधी घरी बसवलं असतं, मग आत टाकलं असतं."

"मग काढून टाक ना तो. माझ्यावर कशाला खेकसतोस?" आर्डिसने खसखस भरलेल्या गोड पावांची, कोलाचेंची बशी त्याच्यापुढे आदळली.

काढताना प्रोग्रामने विचारलं, 'आम्हाला सोडून जाताना वाईट वाटतंय ना?'

"डोंबल," वेंडल म्हणाला.

दुसरा दिसायला सोज्वळ होता. जाहिराती नाहीत, काही नाही. वेंडलने चर्चमधून आलेलं पत्र उघडलं. म्हाताऱ्या स्वोबोदाच्या अंत्यविधीनंतरचं जेवण चर्चच्या तळघरात ठेवलं होतं. पत्राखाली तीन बटणं होती: 'वा, छानच!', 'कळवल्याबद्दल आभार!', 'काळजी घे!' एक दाबायचं, की तेच उत्तर म्हणून जाणार.

"माणूस मेलाय, आणि हा म्हणतो वा, छानच!"

बोलता बोलता तो थबकला. ही वाक्यं त्याच्या ओळखीची होती. त्याने लव्हॉनची पत्रं उघडली. त्याने टोमॅटोच्या रोपांवर दोन पानं लिहिली होती, तिचं उत्तर: 'वा, छानच!' गुडघ्याच्या दुखण्यावर: 'काळजी घे!' गेले दीड महिने सगळी अशीच. हीच त्याने आर्डिसला दोन दोनदा वाचून दाखवली होती.

त्याने तडक फोन लावला.

"लव्हॉन, तू मला बटणं दाबून उत्तरं देत होतीस?"

पलीकडे ती बराच वेळ खोकली. "कळलं वाटतं."

"मी पानंच्या पानं लिहितो, आणि तू बटण दाबतेस? किळस आली मला!"

"औषधांनी बोटं बधिर झालीत रे माझी. एक ओळ लिहायला तास जातो. बटण मोठं असतं."

"मग फोन करायचास."

"फोनवर तू पाऊसपाणी विचारतोस आणि ठेवून देतोस. बोलतोस तो पत्रातच. उत्तर आलं नाही तर लिहायचा थांबशील, म्हणून दाबत होते."

आता वेंडलला स्वतःचीच किळस वाटली. दीड महिना पत्रं अशी आखूड येत होती, आणि याने एकदाही विचारलं नव्हतं. टोमॅटो टोमॅटो करत बसला होता.

"ऐक," तो म्हणाला. "यापुढे बटण दाबू नकोस. काही लिहू नकोस. कोरंच पाठव."

"कोऱ्या पत्राचं काय करशील, गाढवा?"

"वाचीन."

तिसरा प्रोग्राम हौशी लोकांनी मिळून बनवलेला होता. कळकट राखाडी रंगाचा, दिसायला अगदी गबाळा. त्यात जाहिरात नव्हती, तयार उत्तरंही नव्हती. वेंडलने तोच ठेवला, आणि लव्हॉनला टोमॅटोचं नावही न काढता लांबलचक पत्र लिहिलं. शेवटी विचारलं, बोटं फार त्रास देतात का गं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं पत्र आलं. सांगितलेलं तिने ऐकलं नव्हतं. कोऱ्या जागेत मधोमध त्याचं नाव होतं, तेही अर्धंच: 'वेंड'.

त्याने आर्डिसला हाक मारली. ती हात पुसत आली आणि "वाच की" म्हणाली. वेंडलने ते दोनदा वाचून दाखवलं.