वजरी अडखळली तेव्हा

मित्रांनो, न्हाणीघरात साबणाला सुगंध असतो, आरशाला मान असतो, कंगवा तर थेट डोक्यावरच चढतो. माझ्या नशिबी मात्र आल्या टाचा! मी आहे पाय घासायची वजरी. भाजलेल्या मातीची, मुठीत मावेल एवढी. आता माझा एक कोपरा उडाला आहे आणि पाठही झिजली आहे. पण माझी कहाणी मी मान खाली घालून सांगणार नाही. मी आयुष्यात एक काम असं केलं आहे, की ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. आणि काटा तर माझ्या अंगावर जन्मापासूनच आहे म्हणा!

माझा जन्म एका कुंभाराच्या अंगणात झाला. त्याच्या चाकावर सुबक माठ व्हायचे. मला चाकही लाभलं नाही. उरल्यासुरल्या मातीत लाकडाचा भुसा कालवून त्याने मला हातानेच थापलं आणि भट्टीत टाकलं. आत भुसा जळून गेला आणि माझ्या अंगभर बारीक बारीक छिद्रं राहिली. मी रडवेली झाले. शेजारी गोल गरगरीत माठ रांगेत बसले होते आणि मी अशी चाळणीसारखी. तेवढ्यात कुंभार बायकोला म्हणाला, "माठाला भोक पडलं तर माठ वाया. हिला भोकं नसती तर ही वाया!" ते वाक्य मी मनात जपून ठेवलं.

मला विकत घेतलं एका मुलीने. घरात तिला बिट्टी म्हणत. ती एका मोठ्या ब्यूटी पार्लरमध्ये कामाला होती. म्हणजे टॉवेल धुवायचे, टब घासायचे, जमीन पुसायची. गिऱ्हाइकाच्या पायाला हात लावायची तिला परवानगी नव्हती. पण डोळ्यांना कोण अडवणार? पाणी किती गरम घेतात, पाय किती वेळ बुडवतात, नखं कशी सरळ कापतात, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करतात, सगळं तिने नजरेनेच शिकून घेतलं होतं. तिथे एकदा पाय करून घ्यायचे म्हणजे घरातल्या दोघी मायलेकींच्या आठवड्याच्या भाजीपाल्याचा खर्च. म्हणून तिने घरच्या घरी बेत केला. कपडे भिजवायचा जुना टब, मूठभर मीठ, नेलकटर, वाटीभर तेल, एक मऊ फडकं आणि मी. झालं आमचं पार्लर!

पहिलं गिऱ्हाईक होती तिची आई. गल्लीत तिला सगळे शिवणकाकू म्हणत. दिवसभर ती शिलाई मशीनवर बसायची, अनवाणी पायांनी पायडल हलवत. कोणाचे झगे, कोणाचे पडदे, शाळांचे गणवेश. तिच्या टाचांना अशा भेगा होत्या, की पहिल्यांदा पाहिल्यावर मीच दचकले.

"पायांचे कसले गं लाड?" ती म्हणाली. "पाय काय आरशात बघायचे असतात?"

"आई, गप बस. राणीसारखी बस आणि पाय दे इकडे."

शिवणकाकू लाजत लाजत स्टुलावर बसली. दुसऱ्याने आपले पाय धुवावेत, ही गोष्टच तिला नवी होती. तिने टबात पाय सोडले, पण पाणी कढत होतं. बिट्टीने हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "अगं, पोळलं नाही तुला?"

"छे, कोमट तर आहे."

बिट्टी हसली. "कातडी आहे की चामडं?" तिने थंड पाणी ओतलं, आणि दोघी ती गोष्ट विसरून गेल्या. मीही विसरले.

दर मंगळवारी, बिट्टीच्या सुट्टीच्या दिवशी, आमचं पार्लर भरू लागलं. हळूहळू भेगा बुजल्या. बिट्टी आईचे हातही घ्यायची. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं साखर आणि तेलाने चोळायची, नखं कानशीने गोल करायची. शिवणकाकू वरवर कुरकुरायची; पण गिऱ्हाईक आलं की माप घेताना हात जरा जास्तच पुढे करायची. "लेक करते माझी," असं न विचारताच सांगायची. समोरच्या घरातली आजी एकदा म्हणाली, "काकू, तुमच्या टाचा तर नव्या नवरीसारख्या दिसतात!" मित्रांनो, ती वाहवा कोणाची होती, ते तुम्हीच ठरवा.

मग तो मंगळवार आला. दुपारची वेळ होती. बाहेर दोरीवर गणवेश लटकत होते आणि अजून तेवढेच शिवायचे राहिले होते. शिवणकाकूचं सगळं लक्ष तिकडे. "आटप गं लवकर," ती म्हणत होती. बिट्टीने उजवा पाय मांडीवर घेतला आणि मी टाचेवरून फिरू लागले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी अडखळले.

टाचेच्या कडेला, बुजत आलेल्या एका जुन्या भेगेत, काहीतरी टणक माझ्या छिद्राला लागलं. दगड नव्हे, कातडीही नव्हे. कर्र असा आवाज झाला. बिट्टीचा हात जागीच थांबला. तिने मला बाजूला ठेवलं, पाय उजेडाकडे वळवला आणि वाकून पाहिलं. आत लोखंडाचं टोक चमकत होतं. मशीनची मोडलेली सुई! भोवतालची जागा लालसर, सुजलेली.

"आई, दुखतंय?"

"कुठे काय?"

बिट्टीने सुजेवर हलकेच बोट दाबलं. "आता?"

"तू हात लावलायस का?" शिवणकाकूने विचारलं.

बिट्टीचा चेहरा पांढराफटक पडला. मला आणि तिला, दोघींनाही एकदमच ते कढत पाणी आठवलं.

"ओढून काढ आणि तेल लाव," शिवणकाकू म्हणाली. "गणवेश उद्या द्यायचेत. दवाखान्यात परवा जाऊ."

"मी ओढणार नाही आणि परवाही नाही. आत्ता जायचं."

"अगं, मुलं शाळेत काय घालून जातील?"

"जुने घालतील!" बिट्टी ओरडली. आईवर आवाज चढवायची तिची ती पहिलीच वेळ होती. "मुलांना दुसरे गणवेश मिळतील. तुला दुसरा पाय कुठून आणू?"

शिवणकाकू स्टुलावरून उठली. एका पायात चप्पल, दुसऱ्याला स्वच्छ फडकं, अशी ती लेकीच्या खांद्यावर भार टाकून बाहेर पडली. मी टबाशेजारी ओली पडून राहिले. पाणी गार झालं, उन्हाची तिरीप भिंतीवर चढली, तरी कोणी येईना. माझ्यासारख्या मातीच्या ढेकळालाही त्या दिवशी वाट बघणं म्हणजे काय ते कळलं.

दवाखान्यातली हकिकत शिवणकाकूने पुढे इतक्यांदा सांगितली, की ती मला तोंडपाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, रक्त तपासलं, आणि त्या म्हणाल्या, "साखर पुष्कळ वाढली आहे. बरीच वर्षं असणार. पायाची जाणीव गेली आहे. अजून आठ-दहा दिवस गेले असते, तर पाय वाचवणं अवघड होतं. कोणाच्या लक्षात आलं हे?"

"माझ्या लेकीच्या," शिवणकाकू म्हणाली. "पार्लरमध्ये असते ती!"

"टॉवेल धुते," बिट्टी पुटपुटली.

"उद्यापासून इथे येणाऱ्यांना पाय कसे बघायचे ते शिकवायला आलीस तरी चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिवणकाकू ते वाक्य सांगताना अजूनही ताठ बसते.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "आता या पायांना वजरी लावायची नाही. खरखरीत काहीच नको. पाणी कोमट, तेही दुसऱ्याने कोपर घालून बघायचं. आणि रोज तळवे तपासायचे."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. जिने सुई शोधली तिलाच घरी बसवलं! काही महिने मी खिडकीच्या फळीवर धूळ खात पडले. दर मंगळवारी टब निघायचा, मऊ फडकं निघायचं, आणि मी नुसती बघायची. पण शिवणकाकूचे दोन्ही पाय जमिनीवर पडताना दिसले, की माझी तक्रार आपोआप विरघळायची.

एका मंगळवारी बिट्टी स्टूल मांडू लागली, तेव्हा शिवणकाकूने तिचा हात धरला. "आज तू बस."

"मी? मला काय झालंय?"

"दिवसभर उभी असतेस ओल्या फरशीवर. दाखव पाय."

बिट्टीच्या कोवळ्या टाचांनाही भेगा पडू लागल्या होत्या. आईचे पाय एवढ्या काळजीने बघणारी मुलगी, पण स्वतःचे बघायला तिला सवड झाली नव्हती. शिवणकाकूने मला फळीवरून उचललं, धुतलं, आणि चष्मा लावून, जणू रेशमावर टीप घालावी तशी हळुवार फिरवू लागली. बिट्टी आधी गुदगुल्यांनी हसली. मग तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मित्रांनो, मी फार दिवसांची सोबतीण नाही. मातीची वस्तू झिजणारच. पण एक मागणं मागते. सबंध घर ज्यांच्या पायांवर उभं असतं, ती माणसं पायांचं दुखणं बोलून दाखवत नाहीत. कधी लपवतात, तर कधी त्यांनाच ते कळत नाही. त्यासाठी महागडं पार्लर लागत नाही. टबभर कोमट पाणी घ्या, त्यांचा पाय आपल्या मांडीवर घ्या, आणि नीट बघा. ते "कशाला, कशाला" म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही पाय सोडू नका.