नाक घेऊन या

चष्म्याच्या दुकानात तिच्या नवऱ्याचा एकच नियम होता, आणि त्या नियमाचा त्याला कोण अभिमान! कुणी गिऱ्हाईक आत येऊन म्हणालं, "वडिलांसाठी फ्रेम बघायची होती," की हा काउंटरवर दोन्ही तळवे टेकवून विचारायचा, "नाक आणलंय का?" माणूस गडबडायचा. मग ह्याचं प्रवचन सुरू. फ्रेम वडिलांच्या नाकावर बसणार, तुमच्या नाही. तुमचं नाक वेगळं, त्यांचं वेगळं. आधी नाक घेऊन या, मग बोलू. दारात आलेलं गिऱ्हाईक तो खुशाल परत पाठवायचा, पण एकाच्या नाकावर दुसऱ्याची फ्रेम विकायचा नाही. घरी येऊन हे किस्से रंगवून सांगायचा आणि ती भाजी चिरता चिरता हसायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढे जे झालं त्याची पुरती चीड यायची नाही.

ती शाळेची बस चालवायची. मुलं तिला कॅप्टन म्हणत. मुलांचं ऐकून शिक्षक म्हणायला लागले, मग शिपाई, शेवटी नवराही. ती एवढी मोठी गाडी अरुंद गल्लीतून अशी काढायची, की आरशाला कधी भिंतीचा वारा लागला नाही. आणि एका सकाळी सिग्नलला उभी असताना तिचे डोळे मिटले. क्षणभरच. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि ती दचकून जागी झाली. मुलं गाणी म्हणण्यात दंग होती. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. पण मुलांना उतरवून ती तडक वाहतूकप्रमुखांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "साहेब, मला स्टिअरिंगवर डुलकी लागली. तपासून घेते, तोवर मला गाडी देऊ नका."

साहेबांनी गाडी काढून घेतली. ते बरोबरच होतं, तिलाही पटलं.

तपासणीत निघालं की झोपेत तिचा श्वास अडकतो. घोरता घोरता थांबतो, मग धडपडून पुन्हा सुरू होतो, रात्रभर हाच खेळ. डॉक्टरांनी मशीन सांगितलं. मशीनमधून हवा, हवेला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क, आणि तो लावून रोज झोपायचं. साहेब म्हणाले, "मशीन वापरताय आणि झोप नीट होतेय असा रिपोर्ट आणा, बस तुमची. महिनाअखेरपर्यंत नाही आला, तर मला कायमचा माणूस घ्यावा लागेल." तोवर तिला तिच्याच बसमध्ये मागच्या बाकावर मदतनीस म्हणून बसवलं. पुढे एक तात्पुरता ड्रायव्हर आला. तो ब्रेक असा मारायचा की मुलांचे डबे घरंगळत पुढच्या बाकाखाली जायचे. कॅप्टन दात आवळून डबे गोळा करायची.

मशीन आणायला नवरा गेला. "माझ्या वाटेवरच आहे ते दुकान. तू कशाला दमतेस?" म्हणाला. तिला बरं वाटलं. माणूस काळजी करतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

पण तो मास्क! नाकावर ठेवला की वरच्या फटीतून हवा सरळ डोळ्यांत. पट्टे आवळले की नाकाच्या हाडावर रुतणार. सैल केले की फुरफुर. कुशीवर वळलं की घसरून गालावर. सकाळी डोळे लाल आणि नाकावर वळ, आणि थोड्याच दिवसांत वळाची जखम झाली. कितीदा तर झोपेतच तिने तो ओरबाडून काढून फेकला होता.

"सवय होईल," नवरा म्हणाला.

डॉक्टरांकडच्या मदतनीस बाई फोनवर म्हणाल्या, "सगळ्यांना होते हो सवय." वाहतूकप्रमुखांनी तिच्या नाकावरची पट्टी बघितली आणि तेही तेच म्हणाले. सवय होईल! नवी चप्पल चावली तर म्हणावं सवय होईल, पण ती चप्पलसुद्धा आपण आपल्या पायात घालून घेतो. हिचं नाक सोलून निघत होतं आणि ज्याला त्याला तिच्याच चिकाटीची शंका. शेवटी तिलाही ती यायला लागली. आरशासमोर उभं राहून ती आपला चेहरा चाचपायची. "माझंच तोंड वेडंवाकडं आहे का रे?"

"पट्टे अजून जरा आवळून बघ," नवरा पेपरामागून म्हणायचा.

मध्येच एकदा नणंदेचा फोन आला. ती लहान, दादावर फार जीव. "वहिनी, दादाला कुशीवर झोपवत जा. आणि त्याच्या घोरण्यानं तुझी झोप तरी होते का? सोसतेस बाई तू." कॅप्टनला वाटलं, हिचा काहीतरी घोळ झालाय. समजावणार तेवढ्यात बस आली, आणि बोलणं राहून गेलं.

मग एका दुपारी तात्पुरत्या ड्रायव्हरने त्याच गल्लीत बस भिंतीला घासली. डावा आरसा खळकन फुटला. मुलं किंचाळली, मग हसायला लागली. कॅप्टन खाली उतरली आणि फुटक्या आरशाकडे बघत उभी राहिली. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाच राग आला. महिना संपायला आठवडाच उरला होता. मग ही बस ह्या धसमुसळ्याची होणार, ते एका प्लास्टिकच्या तुकड्यापायी! मुलं घरी पोचल्यावर तिने घरून मास्क पिशवीत घातला आणि थेट त्या दुकानाची वाट धरली.

दुकानात काचेच्या कपाटात मास्कच मास्क होते. बाकावर एक आजोबा आपला नंबर यायची वाट बघत बसले होते. मास्क बसवून देणारी बाई काउंटरमागे होती. कॅप्टनने मास्क तिच्यापुढे आपटला.

"हे काय दिलंत तुम्ही मला?"

बाईने नाकावरची पट्टी बघितली. "सुरुवातीला होतं असं. हळूहळू सव…"

"सवय म्हणालात तर बघा!"

बाकावरचे आजोबा सावरून बसले. बाईने मास्क उचलला, उलटा करून बघितला आणि तिच्या कपाळावर आठी आली. "पण हा मोठ्या मापाचा आहे. तुमच्या नाकाला हा कसा बसेल? कुणी दिला तुम्हाला?"

"तुम्हीच!"

"मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."

"माझे मिस्टर घेऊन गेले. चौकातलं चष्म्याचं दुकान आहे ना, तिथले."

"ते होय!" बाईचा चेहरा खुलला. "गमतीदार आहेत. पण पेशंट तर तेच ना? ह्याच खुर्चीत बसले होते. मी त्यांच्याच नाकाचं माप घेतलं. म्हणाले, मी इतका घोरतो की बायकोची झोप उडते."

कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाक आणलंय का? नाक घेऊन या! परक्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणारा हा माणूस, स्वतःच्या बायकोसाठी स्वतःचं नाक घेऊन इथे आला होता. आणि घरी तिच्या नाकावर रक्त बघून, सगळं ठाऊक असून, पेपरामागून सांगत होता की पट्टे आवळ. नणंदेचा घोळ नव्हताच. घोळ ह्याने घातला होता, आणि साऱ्या खानदानात वाटला होता.

"आणि डॉक्टरांची चिठ्ठी?" तिने बाईकडे मोर्चा वळवला. "ती बघायची पद्धत नाही का तुमच्याकडे?"

बाई ओशाळली. "घरी राहिली म्हणाले, उद्या आणतो. हवेचा दाब किती ठेवायचा ते तोंडपाठ होतं, म्हणून मी… चुकलं माझं."

"चुकलंच! दुसरा मास्क दाखवा. आणि शाळेला रिपोर्ट द्यायचाय, तोही काढून द्या."

बाई अजूनच गोरीमोरी झाली. रोजच्या झोपेची नोंद मशीनच ठेवायचं, पण ते नवऱ्याच्या नावावर होतं, म्हणजे रिपोर्टही त्याच्याच नावाचा निघणार. नाव बदलायचं तर त्यानेच येऊन सांगावं लागणार होतं की पेशंट तो नाही.

म्हणजे नाक हिचं सोललं, रात्री हिच्या गेल्या, आणि हजेरी त्याची लागली! कॅप्टनने तिथूनच फोन लावला. "मास्कच्या दुकानात ये. आत्ता."

"अगं, गिऱ्हाईक आहे समोर."

"त्याला सांग, नाक आणायला जा," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तो येईपर्यंत बाईने काम मात्र मन लावून केलं. आधी विचारलं, "झोपता कशा?"

"डाव्या कुशीवर."

"मग खुर्चीत बसून काय कळणार? आडव्या व्हा." कोपऱ्यात एक अरुंद खाट होती. कॅप्टन तिच्यावर कुशीवर झाली. पहिला लहान मास्क नेमका जखमेवर टेकला, तो लगेच काढला. दुसरा वेगळा होता. नाकाच्या हाडावर यायचाच नाही, नाकपुड्यांखाली मऊ गादीसारखा टेकायचा. नळी चेहऱ्यावरून लोंबायची नाही, डोक्यावरून मागे जायची. कॅप्टनने सवयीने पट्टा ओढला, तशी बाईने तिचा हात धरला.

"आवळायचा नाही. हवा आली की तो आपला आपण बसतो. आणि आता तोंड मिटून ठेवा. बोललात तर सगळी हवा तोंडावाटे निघून जाईल."

दुकानातलं मशीन सुरू झालं. कॅप्टन डोळ्यांत हवा यायची वाट बघत राहिली. आली नाही. फुरफुर नाही, रुतणं नाही. छातीत हवा जात होती, इतकंच. इतकं सोपं होतं तर हे! तिला पुन्हा रडू यायला लागलं, पण तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून तेही गिळलं.

दार ढकलून नवरा आत आला. खिशातून चष्मे पुसायचं फडकं लोंबत होतं.

"अरे, चष्मेवाले!" आजोबा म्हणाले. त्यांच्या नाकावर त्याच्याच दुकानातली फ्रेम होती. "तुम्ही इकडे कुठे?"

"हो… जरा मशीनचं काम होतं." तो हसला आणि मग खाटेवर त्याचं लक्ष गेलं. हसू विरलं.

"बरं झालं आलात," बाई म्हणाली. "मशीनवर नाव बदलायचंय. पेशंट नक्की कोण? तुम्ही की ह्या?"

त्याने कॅप्टनकडे बघितलं. लग्न झाल्यापासून असा अवघड प्रसंग आला की तीच पुढे व्हायची. भांडायला आलेले शेजारी असोत की रुसलेले पाहुणे, बोलायचं तिने आणि हा मागे उभा. आताही तो वाट बघत होता. मास्क काढायला तिला एक हात वर करायचा अवकाश होता. तिने हात उशीखाली घातला आणि ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे… घरातलंच आहे," तो पुटपुटला.

"घरातलं म्हणजे कुणाचं?"

तो काउंटरवर वाकला, आवाज खाली आणला. "बाई घोरते म्हटलं की लोक हसतात हो. तिला कुणी हसू नये म्हणून मी आपलं…"

तिला कुणी हसू नये म्हणून! कॅप्टनच्या भुवया उंचावल्या. लाज वाटत होती ह्याला, आणि घोरणाऱ्या बाईचा नवरा म्हणवून घ्यायला नको होतं ह्यालाच. वरून उपकारही तिच्यावर! ते त्यालाही तिच्या डोळ्यांत दिसलं असावं, कारण वाक्य त्याने अर्धवटच सोडलं.

"मला ऐकू आलं नाही," बाई म्हणाली.

त्याने फडकं हातात घेऊन पिळलं. "माझी बायको घोरते," तो म्हणाला. मग घसा खाकरून, दुकानभर ऐकू जाईल असं, "मशीन तिचं आहे. मला काही झालेलं नाही. तिच्याऐवजी मी माझं नाक दिलं."

दुकानात कुणीही हसलं नाही. आजोबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"आमची पण घोरायची," ते म्हणाले. "आम्ही सगळे हसायचो."

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ठेवला. नवरा त्यांच्याकडे बघत राहिला, मग खाटेकडे, मग खाली. फडकं त्याच्या हातातून कधी पडलं ते त्याला कळलं नाही.

बाईने मशीनच्या नोंदीत नाव बदललं. "आजपासून रिपोर्ट तुमच्या नावाचा," ती कॅप्टनला म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत रात्री उरल्यात ना?"

कॅप्टनने मास्क वर सरकवला. "पुरतील. मास्क हाच द्या." मग नवऱ्याकडे वळली. "आता तुझ्या बहिणीला फोन लाव."

"इथून?"

"इथून. आणि स्पीकरवर टाक."

त्याने फोन काढला. पलीकडे घंटा वाजायला लागली, तशी तिने मास्क पुन्हा नाकाखाली ओढला, डाव्या कुशीवर वळली आणि तोंड मिटून घेतलं.