मामाच्या खिशातलं पिवळं काडतूस

शिकारीचा आठवडा संपला होता. मी गाडीपाशी मामीची बंदूक पुसत होतो. दोन लांब नळ्यांची, बारीक अंगाची, माझ्या पणजोबांच्या वयाची. आमच्याकडच्या सगळ्याच बंदुका तसल्या म्हाताऱ्या.

"मामी, तुझी उरलेली काडतुसं दे, डब्यात टाकतो."

शीनामामीने कोटाचे खिसे चाचपले. मग परत चाचपले.

"अगं बाई," ती म्हणाली. "सकाळी माझा कोट भिजला होता ना? तेव्हा मर्डोचा घातला होता मी. काडतुसं त्याच्याच खिशात राहिली!"

मर्डो म्हणजे माझा मामा. मामीची बंदूक वीस बोअरची, काडतुसं पिवळी. मामाची बारा बोअरची, त्याची लाल. पिवळं काडतूस बारीक असतं. ते मामाच्या नळीत टाकलं तर घरंगळत आत जातं आणि पुढे अडकून बसतं. चाप ओढला तर बार होत नाही. बंदूक उघडली तर जागा रिकामी. माणसाला वाटतं, भरायलाच विसरलो. मग तो मागून लाल भरतो, चाप ओढतो. नळी फुटते, आणि फुटते ती डाव्या हाताच्या बोटांवरच.

आणि मामा वर डोंगरावर होता. एकटा. आमच्यात शेवटची चढण सगळ्यांत मोठ्या माणसाची. बाकीच्यांनी बंदुका ठेवायच्या, त्याने आपली कुत्री, म्हणजे टील, घेऊन जायचं आणि ग्राऊस पक्षी मिळो न मिळो, खाली येऊन चहा मागायचा.

"तो बघून भरेल ना?" मी विचारलं.

"मर्डो? तो टीलकडे बघत भरतो. गेली चाळीस वर्षं." मामीने गळ्यातली, कुत्र्यांना बसवायची शिट्टी काढून माझ्या हातात कोंबली. "पळ रे, रूरी. पळ!"

पळालो. हेदरच्या झुडपांत पाय अडकतात, खाली चिखल. दोनदा आपटलो. वारा तोंडावर. "मामा!" म्हणून ओरडलो तर आवाज माझ्याच घशात परत. तसाही त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्याने तो ऐकत नाही.

चढ संपला आणि तो दिसला. लांबच होता. तेवढ्यात त्याच्यासमोरून दोन ग्राऊस उडाले. मामाने बंदूक खांद्याला लावली.

बार झाला नाही.

त्याने बंदूक खाली घेतली, उघडली, बघितलं, मान हलवली. हात खिशात गेला. मी तिथूनच "नको! नको!" करत होतो. बंदूक बंद झाली. पुढे टील एक पाय उचलून थिजली होती, म्हणजे आणखी पक्षी दबून बसलेले. मामा तिच्याकडे निघाला, अंगठ्याने बंदुकीचे घोडे मागे ओढत.

दुसऱ्याच्या कुत्र्याला शिट्टी मारायची नाही. आमच्याकडे माणसं त्यावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत एकमेकांशी.

मी एक लांब शिट्टी मारली.

टील जागच्या जागी बसली. मामाने तिच्याकडे बघितलं, मग गर्रकन मागे वळला.

"कोण रे तो गाढव! माझ्या कुत्रीला?"

"उघड! मामा, बंदूक उघड!" मी पळत जवळ येत ओरडलो.

"वेड लागलंय तुला? पक्षी बसलेत तिथे!"

"मामीची पिवळी आहेत तुझ्या खिशात!"

ते त्याला ऐकू आलं असावं. त्याने घोडे हळूच खाली घेतले, बंदूक उघडली, दोन लाल काडतुसं काढून माझ्याकडे दिली. मग त्याने नळ्या आभाळाकडे धरल्या. एकीतून उजेड दिसत होता. दुसरी काळी.

त्याने नळ्या वर केल्या आणि दस्त्यावर थाप मारली. पिवळं काडतूस सुळकन मागे येऊन हेदरमध्ये पडलं.

मामा मटकन खाली बसला. डाव्या हाताची बोटं उघडमीट करत राहिला. पक्षी केव्हा उडून गेले, दोघांनीही बघितलं नाही.

"तिने एकाच खिशात ठेवली होती ना रे?" तो म्हणाला. "दुसऱ्यातही बघ."

मी दोन्ही खिसे उलटे केले.

"शीनाला सांगू नकोस, की ते नळीत होतं."

"तिनेच पाठवलंय मला."

"मग सांग की खिशातच होतं."

"बरं."

"आणि शिट्टी..." त्याने उठून टीलला हाक मारली.

उतरताना बंदूक उघडीच होती, रिकामी. तरी मामा थोडं चालला की थांबायचा, नळ्या डोळ्याशी धरायचा आणि आभाळ बघायचा. मग माझ्याकडे द्यायचा.

"तू बघ."

मी बघायचो. "साफ आहे, मामा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

गाडी दिसायला लागली तरी विचारतच होता.