पावणेतीन इंचांची फ्रेम

मित्रांनो, मी एक जुनी सायकलची फ्रेम आहे असे सांगायला मला आवडले असते, पण माझे वय जेमतेम सहा वर्षांचे आहे. रस्त्यावर तर मी एकदाच गेले, तेही सव्वा मैल. बाकीचा काळ मी हुमनाबादजवळच्या एका लहान कारखान्याच्या भिंतीवर, दोन खिळ्यांना टांगलेली काढला. माझी कीव करू नका. भिंतीवरून पुष्कळ दिसते.

माझ्या जन्माचे कारण हळ्ळीखेडच्या बायका. त्या सायकलवर दुधाचे कॅन अडकवून घरोघरचे दूध गोळा करतात. त्या ओझ्याने त्यांच्या सायकली सांध्यात तडकत. कारखान्याचे मालक महादेवप्पा यांनी ठरवले की या बायकांसाठी नवी फ्रेम करायची. पुढची दांडी खाली झुकलेली, म्हणजे लुगडे अडकणार नाही, आणि सगळे सांधे लगचे. लग म्हणजे नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे बसणारी पोलादी बाही. नळी बाहीत घालायची, पितळ नीट धरावे म्हणून टाकणखार लावायचा आणि वितळलेल्या पितळेने झाळायचे. असा सांधा सहजी तुटत नाही. नळी वाकलीच तर सांधा तापवून ती काढता येते आणि दुसरी बसवता येते.

असे झाळकाम येणारा कारागीर कारखान्यात एकच उरला होता, मायाप्पा. बाकीच्या फ्रेमा यंत्रावर जोडल्या जात. महादेवप्पांनी स्पष्टच सांगितले होते, ही फ्रेम जमली तर झाळकाम चालू राहील, नाहीतर बंद. मायाप्पांचे वय तेव्हा अठ्ठावन्न. दुसरे काम त्यांना येत नव्हते आणि नवे शिकायची हौसही नव्हती. म्हणजे त्यांची भाकरी माझ्यावर अवलंबून होती.

माझा आराखडा मैत्रेयीने काढला. ती महादेवप्पांची मुलगी, बंगळूरला शिकून आलेली. घरात कानडी, कॉलेजात इंग्रजी आणि मराठी कारखान्यात कानावर पडेल तेवढी. पायडलचा आस चाकांच्या आसांपेक्षा किती खाली ठेवावा, हे तिने मायाप्पांना विचारले. त्यांनी कानस थांबवलीही नाही. पावणेतीन इंच, म्हणाले.

मैत्रेयीने या शब्दात दोन गोष्टी ऐकल्या, पाव आणि तीन. तिने त्यांची बेरीज केली आणि कॉम्प्युटरमध्ये सव्वातीन इंचांचे माप मिलिमीटरमध्ये घातले. म्हणजे आस अर्धा इंच जास्तच खाली गेला. कानडीत पावणेतीनला 'एरडू मुक्कालु' म्हणतात, म्हणजे दोन आणि वर पाऊण. मराठी मात्र तिनाच्या दारात उभी राहून मागे मोजते. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

मला साच्यात बसवले त्या दिवशी मायाप्पांनी सवयीने आपला इंचाचा टेप काढला. माप सव्वातीन भरले. त्यांनी पुन्हा मोजले, तरी तेवढेच. पण आदल्याच आठवड्यात महादेवप्पा सर्वांसमोर त्यांना म्हणाले होते की अंदाजाचे दिवस गेले, आता कागद सांगेल तसे करायचे. ते बोलणे त्यांना लागले होते. त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला आणि ज्योत पेटवली.

मी दिसायला देखणी झाले, हे मी लपवत नाही. लगच्या कडेने पितळेची बारीक रेघ सगळीकडे सारखी होती. महादेवप्पांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मला फार बरे वाटले.

मग हळ्ळीखेडहून शकुबाई आल्या. दूध गोळा करणाऱ्या बायकांनी सायकल पारखायला त्यांनाच धाडले होते. दोन भरलेले कॅन अडकवून त्या शेतवाटेला लागल्या. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये वाळून दगड झालेल्या मातीचा उंचवटा होता. त्यावर पायडल आपटले, सायकल आडवी झाली, दूध सांडले आणि शकुबाईंचा गुडघा फुटला. त्या उठल्या, पदर झटकला, मला ढकलत कारखान्यात परत आल्या आणि महादेवप्पांना म्हणाल्या, "सायकल दणकट हाय. पर पायडल भुईला लागायलंय. आमच्यातली एकबी बाई ह्येच्यावर बसणार न्हाई."

महादेवप्पांना वाटले, झाळताना मायाप्पांचा हात चळला. त्यांनी आवाज चढवला नाही. सोमवारपासून येऊ नका, एवढेच म्हणाले. मायाप्पा आपल्या कानशी पिशवीत भरू लागले. अठ्ठावीस वर्षांचे सामान एका पिशवीत मावत होते, हे पाहून मला वाईट वाटले.

मैत्रेयीने तोवर मला टेबलावर घेऊन मोजले. माप कागदाशी तंतोतंत जुळत होते. ती मायाप्पांकडे आली.

"मामा, तुम्हीच पावणेतीन सांगितलं होतं ना?"

"व्हय. पावणेतीनच."

"मग मी तेवढंच घातलंय."

मायाप्पांनी टेप काढून तिच्यापुढे ताणला आणि तिनाच्या खुणेवर नख ठेवले. "अक्का, पावणेतीन म्हंजे तिनाला पाव कमी." नख मागे सरकले.

"एरडू मुक्कालु," मैत्रेयी हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला. तिने तिथूनच वडिलांना हाक मारली आणि चूक आपली असल्याचे सर्वांसमोर सांगितले.

मायाप्पा गप्प राहिले असते तरी चालले असते. पण ते म्हणाले, "मलाबी टेपावर दिसलं होतं. रागात होतो. इचारलो न्हाई."

महादेवप्पांनी मायाप्पांच्या पिशवीतली मोठी कानस काढून पुन्हा तिच्या जागी ठेवली.

आठ दिवसांत दुसरी फ्रेम झाली, अर्धा इंच उंच. शकुबाई तिच्यावरून गावाला जाऊन आल्या. कौतुक त्यांनी केले नाही. दसऱ्यापर्यंत किती सायकली होतील, असे मात्र विचारले.

माझ्या नळ्या चांगल्या होत्या. मला तापवून सुट्या कराव्यात असे महादेवप्पांच्या मनात होते आणि त्यात गैर काही नव्हते. मैत्रेयीने मात्र मला भिंतीवर लावायला सांगितले. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तेव्हा ती मला विभूती लावते आणि मायाप्पा भंडारा लावतात. न चाललेल्या सायकलीला एवढा मान पुष्कळ झाला.

मित्रांनो, पोलादाला तेल लावा, गंजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण माझ्यात गंज नव्हता, तडा नव्हता, सांधाही कच्चा नव्हता. मी वाया गेले ते एकीने न कळलेला शब्द विचारला नाही आणि एकाने दिसलेली चूक विचारली नाही म्हणून. विचारायला लाजू नका, आणि रागात असलात तरी विचारायचे सोडू नका.

आता मायाप्पा चौसष्ट वर्षांचे आहेत. अजूनही ज्योत पेटवण्याआधी ते माझ्याकडे एकदा बघतात आणि कॉम्प्युटरच्या खोलीकडे तोंड करून म्हणतात, "अक्का, एक इचारू का?"

मैत्रेयी हातातले काम ठेवून टेप घेऊन येते.