किसनरावांच्या मोटारीची मागची गादी

बार्शीटाकळीच्या किसनरावांकडे मोटार होती, आणि मोटारीपेक्षा तिचा तोरा मोठा होता. परतवाड्याच्या जंगल खात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती इथेच सोडून गेला. लांब नाकाची, बुटकी, कापडी छताची, कधीकाळी शर्यतीत धावलेली. साहेबाने आपल्या शिकारी कुत्र्यांसाठी मागची बैठक उपटून टाकली होती. किसनरावांनी त्या खड्ड्यात वांग्याच्या टोपल्या बसवल्या. अकोल्याच्या बाजारात सगळ्या माळ्यांची वांगी बैलगाडीतून यायची, यांची शर्यतीच्या मोटारीतून. त्याने वांगी काही जास्त रुचकर होत नव्हती, पण किसनराव खाली उतरायचे ते कमिशनर उतरल्यासारखे.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर शकुनच्या लग्नाचं निघालं.

शकुन त्यांची एकुलती एक पोर. कौंडण्यपूरच्या जत्रेत तिने परतवाड्याच्या मनकर्णाबाईंचा ओमप्रकाश पाहिला, त्याने हिला पाहिलं, आणि तेव्हापासून दुसऱ्या स्थळाचं नाव निघालं की ही ताटावरून उठायची. तिची आई वच्छलाबाई काय ते समजल्या. अडचण होती ती मनकर्णाबाईंची. नवऱ्यामागे त्यांनी एकटीने बाग आणि कापसाचं वावर सांभाळलं होतं आणि माणसंही त्या रोपं पारखावीत तशी पारखायच्या. आदल्या वर्षी एक मुलगी पाहायला निघाल्या असता मुलीकडच्यांच्या बैलांच्या दमणीचं छत गळलं, लुगडं भिजलं, तर बाई अर्ध्या वाटेतूनच माघारी फिरल्या.

हे ऐकून किसनरावांना शांत बसवेना. त्यांनी परतवाड्याला निरोप धाडला, "पोरगी पाहाले या. अकोल्याच्या ठेसनावरून तुमाले आमच्या मोटारीत आनतो. लुगड्यावर थेंब पडला त सोयरीक मोडली समजा!"

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरीचं लगन तुमी त्या गळक्या डब्यावर लावून देल्लं? अन् बाईले बसवनार कोठी? तुमच्या बाजूले?"

किसनरावांनी मोटारीत डोकावून पाहिलं. पुढे दोनच जागा. होणाऱ्या विहीणबाईंना आपल्या शेजारी बसवून गावातून नेलं असतं, तर गावाला वर्षभर दुसरा विषय पुरला नसता. मागे बैठक हवीच होती. आणि छत असं होतं की बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला चालू राहायचा.

"आधी गळती बंद करा, मंग गादी बसवा," वच्छलाबाई म्हणाल्या. सल्ला शहाणपणाचा होता, आणि बायकोचा होता. त्यामुळे किसनरावांनी आधी गादी करायला घेतली.

अकोल्याचे नत्थुजी घोड्यांची खोगिरं शिवायचे. त्यांनी पिंजलेली रुई आणायला सांगितली.

"रुई दबते," किसनराव म्हणाले. "सरकीसकट कापूस भरा. सरकी म्हंजे स्प्रिंग."

"अवो, आजवर कोनी भरला नाई तसा."

"आजवर कोनाजवळ मोटार व्हती?"

नत्थुजींनी हात जोडले. घरी माळ्यावर कापसाचं एक गाठोडं पडून होतं. ते कोणाचं, कशाला ठेवलंय, हे विचारण्याची किसनरावांची पद्धत नव्हती. नत्थुजींनी कापूस भरला, वर मेणकापड चढवलं. ती गादी खड्ड्यात ठोकून बसवताना किसनरावांच्या बोटांची सालं निघाली. "आता हे माह्या बापाच्यानंही निघत नाई," ते अभिमानाने म्हणाले.

मग गळती. जवसाचं तेल उकळून, त्यात मेण कालवून त्यांनी छताला पाजलं. तळाच्या फटींत डांबरात बुडवलेला ताग कोंबला. आता हे टिकतं की नाही ते पाहायचं कसं? माळ्याला पाणी द्यायची एकच रीत ठाऊक. मोटार विहिरीपाशी, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याखाली लावली, नाकावर घोंगडी टाकली आणि बैल हाकले. बाग भिजवतात तशी मोटार भिजवली. आत पाणी आलं की ते कुठून आलं ते पाहायचं, तिथे डांबर लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोट.

"गादी तरी काढून ठेवा," वच्छलाबाई म्हणायच्या.

"वरून पुसून घेतो नं!" आणि ते धोतराच्या सोग्याने मेणकापड पुसून घ्यायचे. हात फिरवला की गादी कोरडी ठणठणीत. मेणकापडाखाली काय चाललंय ते हाताला कळत नव्हतं आणि किसनरावांच्या डोक्यात येत नव्हतं.

शेवटी एके दिवशी मोटेवर मोट ओतली तरी छतातून टिपूस आलं नाही. किसनरावांनी बैलांना गूळ चारला.

मनकर्णाबाई आल्या त्या दिवशी हस्ताचा पाऊस कोसळत होता. ठेसनावर त्यांनी मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि मागे बसल्या. पुढे किसनराव, शेजारी वच्छलाबाई. छतावर पाऊस नुसता बदडत होता, पण आत थेंब नाही. किसनरावांची छाती फुगली. "पाहा बाई, एक थेंब असंन त दाखवा!"

मागे बाई जागेवर चुळबुळ करत होत्या. थोड्या वेळाने आवाज आला, "किसनराव, मोटार थांबवा."

"काहून, बाई?"

"मले खालून काहीतरी टोचून राहिलं."

मोटार थांबली, पाऊसही नेमका उघडला. बाई उतरल्या. त्यांचं लुगडं मागून चिंब झालं होतं. त्यांच्या भाराने गादीतलं सगळं पाणी पिळून निघालं होतं. आणि गादीच्या शिवणीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळसर हिरव्या कोंबांची रांग डोकावत होती.

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. शकुनचं लग्न मोडलं, आणि ते आपण स्वतः, रोज पाणी घालून मोडलं, हे किसनरावांना लख्ख दिसलं.

मनकर्णाबाईंनी एक कोंब उपटला. मग शिवणीत बोटं घालून मूठभर कापूस ओढून काढला आणि बराच वेळ उलटापालटा करून पाहिला. "एक बी वाया गेलं नाई," त्या पुटपुटल्या. "हे बेनं कोनं निवडलं?"

किसनरावांना वाटलं, बुडत्याला हात मिळाला. "म्या!" ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी डोळे उघडून नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांनी घाईने मोटार चालू केली. मनकर्णाबाई "असं?" म्हणाल्या आणि त्या ओल्या गादीवर घोंगडी टाकून पुन्हा बसल्या.

दारात शकुन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आईने बजावलं होतं, मान वर करायची नाही, तोंड उघडायचं नाही. तिने मान खाली घातली. बाई उतरल्या, घोंगडी सरकली, आणि मोटार बुटकी, त्यामुळे खाली घातलेली नजर नेमकी मागच्या गादीतून बाहेर आलेल्या कापसावर गेली.

"बाबा!" तांब्या अंगणात आपटला. "हा माह्या बेन्याचा कापूस हाये! सारं वावर फिरून एकएक बोंड येचून ठेवलं व्हतं म्या, पेरून उरला तो जपून गाठोड्यात बांधला, अन् तुमी गादीत भरला? पुढच्या साली पेराले काय मोटार देता?"

आपण कोणासमोर तोंड उघडलं ते शकुनच्या लक्षात आलं, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळ्यांत पाणी तरळलं.

मनकर्णाबाईंनी तिचे हात खाली केले. "रडू नको. बेनं निवडनारा मानूस ते गादीत भरत नसते, हे मले रस्त्यातच समजलं व्हतं. फक्त निवडनारं कोन, तेवढं पाहाचं व्हतं." मग त्या किसनरावांकडे वळल्या. ते पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत होते. "थेंब वरून पडला नाई, किसनराव. तुमचा शब्द खरा झाला. पन मले पोरगी द्या, अन् लवकर द्या. तुमच्या हाती राहिली त तिलेही पानी पाजान."

मार्गशीर्षात लग्न झालं. गादी नत्थुजींनी कापून काढली, मोटार मागून पुन्हा रिकामी झाली. वच्छलाबाई म्हणाल्या, "ठेवा आता वांग्याच्या टोपल्या." किसनरावांनी एकदा ठेवल्या आणि वाटेतच त्यांना कसंसं झालं. घर मोकळं झालं ते झालं, आता मोटारही मोकळी वाटत होती.

पुढच्या आठवड्यात ते अकोल्याहून पिंजलेली रुई घेऊन आले.

"हे आनखी कायले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"संक्रांतीले शकुन येईन नं माहेराले. ते का टोपलीत बसंन?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी बायकोला विचारलं, "भरू का हे? का आधी काही दुसरं कराचं हाये?"